तुमचा पाटा, माझा पाटा

आमच्या डोंगरावर मिरची आली की आधी नाकाला कळतं. कॅलेंडर बघावं लागत नाही. खालच्या गल्लीत कुणीतरी पहिलं पोतं सोडतं, पत्र्यावर जुनी साडी अंथरून ब्याडगी पसरतं, आणि दुपारचा वारा फिरला की घाटकोपरचा आमचा अख्खा डोंगर खोकायला लागतो. कुणी शिंकलं तर त्याला औषध विचारत नाहीत. विचारतात, कुणाची आली रे?

यंदाही आली. मी दारात बसलो होतो. शिंकलो, आणि सवयीनं आत तोंड करून म्हणालो, "आली बघ."

आत कुणी नव्हतं. पावसाळा सरता सरता शालन गेली, त्याला सहा महिने झाले. माणूस गेल्याचं डोक्याला समजतं, जिभेला समजत नाही. तिला फार वेळ लागतो.

दारातून खाली बघितलं की चढाच्या पायथ्याला माझी पिकअप दिसते. मागून बसलेली. म्हातारी गाय बसायला लागते आणि मध्येच थांबते, तशी. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात जी जागा असते, ती रिकाम्या गाडीलाही जेमतेम उरलीय. गाडी जुनी आहे, मीही जुना आहे, पण गाडी बसली त्याचं कारण वय नाही. तिच्या मागच्या अंगातले दोन पाटे मी मागच्या साली काढून ठेवले. ते का काढले आणि परत घालायला माझा हात का उठेना, तेवढंच सांगायचं आहे. लिहायची मला सवय नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

पाटा म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आमच्या घरात यावरूनच पहिला गोंधळ झाला होता.

माल वाहणाऱ्या गाडीला मागे स्प्रिंग नसते, लोखंडाच्या लांब वाकड्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. गाडीचं ओझं त्यांच्यावर. खूप वर्षांपूर्वी, गाडी घेऊन दोनच वर्षं झाली असतील, वाशीहून कांदा आणताना माझा एक पाटा तुटला. मी चढ चढून घरी आलो, भिंतीला टेकून बसलो आणि म्हणालो, "पाटा गेला."

शालन भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं उठली आणि मोरीत गेली. आतून दगडावर थापटी मारल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून.

"अवं, कुठं गेलाय? ह्यो काय, धड हाय की."

तिचा दगडी पाटा. माण तालुक्यातल्या माहेराहून, एसटीच्या टपावरून, लग्नाच्या वर्षी आणलेला. वरवंट्यासकट. मिक्सर आला, त्यावर आम्ही फडकं घालून ठेवलं, आणि वाटण शेवटपर्यंत पाट्यावरच झालं. मी तिला गाडीखालच्या पाट्याचं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझा पाटा वीस वर्षं झाली तुटला न्हाई, तुमचा दोन वर्षांत कसा तुटला, तुम्हाला लोखंड कुणी दिलं का पापड दिला?

तेव्हापासून आमच्या घरात दोन पाटे. तुमचा पाटा आणि माझा पाटा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला गटार आहे. त्यावर नगरसेवकानं काँक्रीटचा उंचवटा करून दिलाय. कुठल्या मापानं केला त्याचं त्याला माहीत. रिकामी गाडी त्यावरून जाते. माल भरला की गाडीचं बूड खाली येतं आणि उंचवट्यावर घासतं. सायलेन्सर दोनदा तिथंच निखळून पडला. आणि माल भरलेली गाडी गल्लीत आलीच पाहिजे, अशी वर्षातली एक वेळ म्हणजे मिरचीची. डोंगरावरच्या पंधरा-वीस घरांची मिरची, धने, खोबरं एकदमच वाशीहून यायचं. बाया देठं खुडायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, आणि मग सगळं परत गाडीत घालून डंकावर न्यायचं. डंकावर लोखंडी मुसळं धाडधाड पडतात आणि मसाला कांडून मिळतो. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत मसाला डब्यात गेला पाहिजे, हा शालनचा कायदा. जयंतीच्या जेवणाला जुना मसाला वापरला तर तिला तोंड दाखवायला लाज वाटायची.

तर एका साली भरलेली गाडी उंचवट्यावर अशी बसली की पुढे जाईना, मागे येईना. बायांनी पोती डोक्यावर घेऊन चढ चढला. शेजारची हिराबाई, जिचं तोंड महापालिकेच्या नळापेक्षा जास्त वेळ चालू असतं, मला म्हणाली, भाऊजी, गाडी तुमची, पण हमाली आमची.

दुसऱ्या दिवशी मी गाडी साकीनाक्याला युसूफभाईकडे नेली. युसूफभाई पाट्याचा मिस्त्री. माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला म्हटलं, मागून उचलून दे, पण स्वस्तात. लोक असं करताना लाकडाचा ठोकळा मधे घालतात. मी तेच सुचवलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या आईवरून बोललो. म्हणाला, वो काम मैं नहीं करता, रस्त्यात ठोकळा सरकला की गाडी एकीकडे आणि तू एकीकडे. मग तो कुर्ल्याच्या भंगारातून एका मेलेल्या जीपचे दोन पाटे घेऊन आला. दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा बसवायचा. कापले, घणानं ठोकून ठोकून त्यांना माझ्या पाट्यांसारखी कमान दिली, मधला बोल्ट लांब घातला, आवळून दिलं. अर्ध्या दिवसाचं काम. शालन सोबत आली होती, डबा घेऊन. घणाचा आवाज ऐकून म्हणाली, आमच्याकडं टाकीवाली येती, छिन्नीनं ठोकून पाटा खरखरीत करती, तिचं बी असंच, फक्त तिचा हात हलका असतो. युसूफभाईला मराठी बेताची येते, पण हे त्याला कळलं. तो हसला.

चावी देताना त्यानं सांगितलं ते मी विसरलो नाही. "चाचा, माल डाला तो मक्खन. खाली चलाया तो घोडा."

उंची बघायची शालनची तऱ्हा वेगळी होती. तिनं आयुष्यात सगळं हातानं मापलं. मीठ चिमटीनं, पीठ पसानं, पोरीचा फ्रॉक वितीनं. गाडी घरी आली तसा तिनं चाकाच्या वर हात घातला आणि बोटं ताणली. एक वीत आणि वर दोन बोटं. मग पोती भरल्यावर परत हात घातला. चार बोटं. "चार बोटं हायत, जाती," असं तिनं म्हटलं की मी गाडी काढायची. कधी तीनच बोटं भरली तर एक पोतं उतरवायला लावायची. त्यावर अपील नाही. उंचवट्यावरून गाडी नंतर कधी घासली नाही. युसूफभाईच्या पाट्यांमुळं म्हणा किंवा तिच्या बोटांमुळं म्हणा.

आणि घोडा. तो पहिल्याच हंगामात कळला.

शेवटच्या खेपेला, डंकावरून बायांच्या नातेवाइकांचा मसाला त्यांच्या घरी पोचवून आम्ही दोघं परत येत होतो. मागे गाडी रिकामी. शालनच्या मांडीवर आमच्या घरचा डबा, ताजा, अजून गरम. झाकण घट्ट लावलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, गरम मसाल्याला झाकण दाबत न्हाईत, घाम येतो. अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर एक गतिरोधक आला, मी बघितला तोवर चाक वर होतं. मागची बाजू उडाली. शालन उडाली. झाकण उडालं. आणि मग केबिनमध्ये लाल ढग.

मी ब्रेक दाबला ते एक नशीब. दोघं दारं उघडून रस्त्यावर. शिंका थांबेनात, डोळे उघडेनात. लाल तोंडाची दोन माणसं भर दुपारी रस्त्याच्या कडेला रडतायत म्हणून हवालदार आला. त्याला वाटलं नवरा-बायकोचं भांडण. दमात घेऊन म्हणाला, काय मारलं का हिला? शालन पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मिरची हाय, साहेब." तो बघायला आत वाकला आणि तिथंच शिंकला. सात वेळा. मोजल्या आम्ही. मग तिघंही रडत आणि हसत उभे.

पुढं आठवडाभर शालन केबिन पुसत होती. सीट झाडली, ओल्या फडक्यानं टिपली. तिथून पुढं मात्र आमचा एक नियम झाला. गाडी रिकामी असली आणि पुढं उंचवटा दिसला की मी म्हणायचो, "धर." ती एका हातानं वरची कडी धरायची, दुसऱ्या हातानं जे काही मांडीवर असेल ते. झाकणं दाबून लावायला मात्र ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.

ती आजारी पडली तेव्हा पहिल्यांदा पाठच दुखत होती. बायकांची पाठ दुखते, असं म्हणून मी गप्प बसलो. ते मला माझं मीच सुनावतो, दुसऱ्या कुणी सुनावायची गरज नाही. मग मणक्यात गाठ निघाली. परळला लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जायचं ठरलं. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. तो मार्च महिना होता.

रिक्षाला ती नाही म्हणाली, रिक्षा एकही खड्डा सोडत नाही. टॅक्सीत बूड खाली जातं, उठता येत नाही. लेक मुलुंडला असते, तिनं भाड्यानं मोठी गाडी करू म्हटलं. शालन म्हणाली, आपली गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीत कशापायी मरायला जाऊ. तर आपली गाडी. स्टूल ठेवून मी तिला चढवायचो.

पहिल्या दिवशी त्या घोड्यानं तिला जे हाल दाखवले, ते मी लिहीत नाही. मी "धर" म्हणत होतो आणि धरून उपयोग नव्हता. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. सायनच्या पुलावर एवढंच म्हणाली, तुमचा पाटा लई कडक हो.

घरी आल्यावर मी हिराबाईला सहज बोललो की गाडी रिकामी असली की आपटते, भरलेली असली की मऊ चालते. सहजच बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी शालनला धरून खाली आणलं तर गाडीत मागे सहा बाया बसलेल्या. हिराबाई मधोमध, फळीला टेकून. सगळ्यांनी कामावर दांड्या मारलेल्या. मी म्हटलं, कुठं निघालात?

"परळला," हिराबाई म्हणाली. "तुमचं वजन व्हायला."

मी म्हटलं, पोलीस धरतील. ती म्हणाली, धरू दे, सांगू मिरचीची पोती हाय म्हणून. दुसरी कुणीतरी म्हणाली, तू तर एकटीच दोन पोती हायस. स्टुलावर चढायच्या आधी शालन मागच्या चाकाशी थांबली, एक हात माझ्या खांद्यावर. तिनं वाकून दुसरा हात चाकावर घातला. हात सुजलेला होता, बोटं नीट ताणत नव्हती. तरी तिनं मापलं.

"पाच बोटं हायत. अजून एक बाई बसंल."

त्या दिवशी गाडी खरंच लोण्यासारखी गेली. मागच्या काचेतून हिराबाई विचारत होती, शालन, बसतंय का गं पाठीत? आणि शालन न वळता म्हणत होती, न्हाई गं, गप बस, झोप लागती मला. खरंच झोपली ती. दादरच्या अलीकडे तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. इतक्या वर्षांत गाडीत ती कधी झोपली नव्हती, माझ्या गाडी चालवण्यावर तिचा भरवसा नव्हता.

पण बायांना रोज दांडी कशी परवडणार. दोन दिवस त्या आल्या, तिसऱ्या दिवशी मीच नको म्हटलं. वाळूची पोती टाकून बघितली. रोज भरा, माल न्यायचा असला की उतरवा, माझ्या कमरेत ते राहिलं नव्हतं. मग त्याच रविवारी मी साकीनाक्याला गेलो आणि युसूफभाईला म्हटलं, घातलेले दोन पाटे काढ.

तो म्हणाला, सीझन आहे चाचा, माल कसा उचलणार? मी म्हटलं, बाई बसते. त्यानं पाटे काढले, फडक्यानं पुसून माझ्या हातात दिले आणि मजुरी घेतली नाही.

शालनला आवडलं नाही. गाडी मऊ झाली हे तिला आवडलं, पण बायांची मिरची त्या साली भाड्याच्या टेम्पोनं आली, ते तिला लागलं. तिच्यामुळं हंगामाची वाट लागली असं ती धरून बसली. एका दुपारी मी आलो तर जमिनीवर बसून ती त्या दोन लोखंडी पाट्यांना करडईचं तेल लावत होती. दगडी पाट्याला पुसतात तसं, लांब हात मारत. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात दोन्ही गुंडाळले आणि माझ्याकडून मोरीत ठेवून घेतले, तिच्या पाट्याला लागून.

"पुढल्या सालाला लागतील," म्हणाली.

मी म्हटलं, हो. 

यंदा मिरची आली तशी हिराबाई दारात आली. शालनच्या जलदान विधीच्या दिवशी ती शेवटची माझ्याशी धड बोलली होती. नंतर नुसती ताट ठेवून जायची. आता उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, भाऊजी, गाडीचं काय करताय? मी म्हटलं, गाडी बसलीय. ती म्हणाली, मग उठवा. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू काय, जयंती तोंडावर आली. तिनं मोरीकडे एकदा बघितलं आणि उठून गेली.

माझं एवढंच होतं. पाटे काढले ते शालन शेजारी बसावी म्हणून. परत घातले म्हणजे मी गाडीला सांगितलं की आता कुणी बसणार नाही. गाडीला सांगितलं की मग मलाही ते ऐकावं लागणार. सहा महिने मी मऊ गाडी चालवत होतो. रिकामी सीट, आणि गाडी मऊ. अर्धा माल घ्यायचो, उंचवट्याच्या अलीकडेच उतरवायचो. लोक म्हणाले, म्हातारा थकला. म्हणू दिलं.

हिराबाई गेल्यावर मी मोरीत गेलो. गाठोडं ओढून बाहेर काढलं. आणि हातात घेतल्यावर कळलं, हे लुगडं नाही. मॅक्सीचं कापड आहे, निळं, बारीक फुलांचं. ही मॅक्सी लेकीनं पाऊस सुरू झाल्यावर आणली होती, शालनला साडी सोसेना तेव्हा. म्हणजे उन्हाळ्यात गुंडाळलेलं तिनं पावसात परत सोडलं होतं. मला न सांगता. मी कामावर असताना, तिला भांडं उचलत नव्हतं त्या दिवसांत, तिनं ते दोन पाटे ओढून घेतले, परत तेल लावलं आणि स्वतःची मॅक्सी फाडून परत बांधलं. पावसात आमच्या घरात सुईसुद्धा गंजते. मी कापड सोडलं. पाट्यांवर गंजाचा एक ठिपका नव्हता.

मी कापडाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि पाटे खांद्यावर घेतले.

युसूफभाईनं पाटे बघितले, बोट फिरवलं, बोट हुंगलं. म्हणाला, खाने का तेल? मी म्हटलं, हां. त्यानं गाडी जॅकवर घेतली. मधे एकदाच तोंड बाहेर काढून विचारलं, "चाचा, घोडा हो जाएगी. चलेगा?"

"चलेगा," मी म्हटलं.

काम झाल्यावर मी चाकावर हात घातला. माझी वीत तिच्यापेक्षा मोठी. वीत मावली की नाही यावरून काही कळेना. तिच्या हाताची उंची मला माझ्या हातानं काढता येत नाही. मी अंदाजानं पुरे म्हटलं आणि निघालो.

रिकामी गाडी, उंच, कडक. अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर तोच गतिरोधक आला. आता त्याच्यावर पांढरे पट्टे मारलेत. लांबून दिसतो. मी बघितला, गाडी हळू केली, आणि तोंडातून गेलं, "धर."

मागची बाजू उडाली. शेजारची सीट एक बोट वर उचलली गेली आणि परत बसली. तिच्या शिवणीतून, कुठल्या फटीतून कोण जाणे, अगदी एवढंसं काहीतरी उडालं. डोळ्याला दिसलं नाही. नाकाला कळलं.

पहिली शिंक आली. मग दुसरी. मी गाडी कडेला घेतली. आठवडाभर ओल्या फडक्यानं टिपत होती ती, तरी राहिलीच होती.

गल्लीच्या तोंडाशी बाया उभ्या होत्या, रिकाम्या पिशव्या आणि पोती घेऊन, वाशीला जायला तयार. गाडी उंच दिसली तशी हिराबाई पुढं आली, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"डोळ्याला काय झालं, भाऊजी?"

"मिरची."

"मिरची तर अजून आणायची हाय."

"जुनी होती," मी म्हटलं. "चल, बस पुढं. आणि धरून बस, गाडी रिकामी हाय."